विश्लेषण : लाखाचा कॅमेरा बिघडला तर दाद कुठे मागायची? निकॉन ‘डी६००’चे प्रकरण काय सांगते?

लग्नसराई तोंडावर आली की अनेक तरुण छायाचित्रकार मासिक हप्त्यांवर लाख-दोन लाखांचा कॅमेरा घेतात. किंमत मोठी, म्हणजे वस्तू टिकाऊ आणि कंपनीची सेवाही चोख, असा सगळ्यांचाच समज असतो. प्रत्यक्षात महागड्या कॅमेऱ्यांतही मूळचे दोष निघतात. असा दोष निघाला तर काय होते आणि ग्राहकाच्या हातात काय असते, हे जाणून घेऊया.

‘डी६००’चे प्रकरण काय होते?

निकॉनने सप्टेंबर २०१२ मध्ये ‘डी६००’ हा फुल-फ्रेम कॅमेरा बाजारात आणला. अमेरिकेत त्याच्या नुसत्या बॉडीची किंमत सुमारे २,१०० डॉलर होती. काही आठवड्यांतच तक्रारी सुरू झाल्या. छायाचित्रात, विशेषतः वरच्या डाव्या कोपऱ्यात, बारीक काळे ठिपके दिसत होते. सेन्सर पुसला तरी काही शे फोटोंनंतर ठिपके परत येत. कॅमेरे भाड्याने देणाऱ्या ‘लेन्सरेंटल्स’ या अमेरिकी कंपनीनेही हे निरीक्षण जाहीर केले. एकाच कॅमेऱ्यात ठिपके दिसले तर ‘तुम्ही लेन्स बदलताना धूळ गेली असेल’ असे म्हणता येते. अनेक कॅमेऱ्यांत एकाच जागी ठिपके दिसू लागले, तेव्हा ही सबब टिकेना.

ठिपके कशामुळे येत होते?

सेन्सरच्या पुढे शटरची पाती असतात. प्रत्येक फोटोला ती सेकंदाच्या अतिशय छोट्या भागात सरकून थांबतात. या यंत्रणेतून उडणारे तेलाचे किंवा झिजेचे सूक्ष्म कण सेन्सरवर बसतात, असे या प्रकरणात मानले गेले. छिद्र मोठे असताना, म्हणजे एफ/२.८ ला, ते फारसे जाणवत नाहीत. छिद्र लहान करून एफ/१६ ला आकाशाचा फोटो काढला की लगेच दिसतात. त्यामुळे दुकानात कॅमेरा ‘चालू करून’ पाहताना हा दोष सहज निसटतो.

कंपनीने काय केले?

फेब्रुवारी २०१३ मध्ये निकॉनने पहिली सूचना काढली. आधी ब्लोअरने सेन्सर साफ करा, नाही जमले तर सर्व्हिस सेंटरला द्या, असा तिचा आशय होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये नव्या शटरचा ‘डी६१०’ आला. जेमतेम वर्षभरात आपला कॅमेरा जुना झालेला पाहून ‘डी६००’चे ग्राहक आणखी चिडले. फेब्रुवारी २०१४ मध्ये मात्र कंपनीने, वॉरंटी संपली असली तरी, तपासणी, सफाई आणि शटर बदलणे मोफत करण्याची घोषणा केली. १५ मार्चला, जागतिक ग्राहक दिनी, चीनच्या सरकारी वाहिनीने हे प्रकरण दाखवले आणि शांघायमधील प्रशासनाने ‘डी६००’ची विक्री थांबवायला लावली. त्यानंतर, दुरुस्तीनंतरही ठिपके राहिले तर कॅमेरा बदलून देण्याची तयारी निकॉनने दाखवली. पहिल्या तक्रारींपासून इथवर यायला सुमारे दीड वर्ष गेले.

अशी आणखी उदाहरणे आहेत का?

आहेत. २००९ मध्ये आलेल्या लायका ‘एम९’ची किंमत सुमारे सात हजार डॉलर होती. पुढे त्याच्या सेन्सरवरील संरक्षक काच गंजत असल्याचे आढळले. लायकाने २०१४ मध्ये सेन्सर मोफत बदलून देण्याचे जाहीर केले, पण २०१७ मध्ये या सवलतीला कॅमेऱ्याच्या वयाची मर्यादा घातली. नंतर बदली सेन्सरचा साठाच संपला. थोडक्यात, कंपनीची तयारी असली तरी सुटा भाग असेपर्यंतच दुरुस्ती होते.

बाहेरच्या कारागिराकडे जाणेही सोपे राहिलेले नाही. निकॉनने २०१२ मध्ये अमेरिकेतील स्वतंत्र दुरुस्ती दुकानांना सुटे भाग विकणे बंद केले. २०२० मध्ये तेथील अधिकृत बाह्य दुरुस्ती केंद्रांची योजनाही थांबवली.

भारतात कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू आणि सदोष सेवा या दोन्हींबद्दल तक्रार करता येते. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात ती दाखल होते. म्हणजे कॅमेरा मुंबईत किंवा ऑनलाइन घेतला असला, तरी लातूरच्या ग्राहकाला लातुरातच दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

व्यावसायिक छायाचित्रकार ‘ग्राहक’ ठरतो का?

खरी मेख इथे आहे. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू या कायद्याच्या कक्षेत येत नाही आणि कंपन्या हाच आक्षेप घेतात. मात्र स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू कायद्याने या अपवादातून वगळली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या ‘लक्ष्मी इंजिनिअरिंग’ निकालात टाइपरायटरचे उदाहरण दिले होते. इतरांचे टायपिंग करून स्वतः पोट भरणारा माणूस ग्राहकच राहतो. हेच सूत्र स्वतः शूटिंग करणाऱ्या छायाचित्रकाराला मांडता येते. दहा कॅमेरे घेऊन माणसे कामाला ठेवणाऱ्या स्टुडिओला ते मांडणे कठीण जाते. त्यामुळे तक्रारीत ‘हा कॅमेरा मी स्वतः वापरतो, हेच माझ्या उपजीविकेचे साधन आहे’ हे स्पष्ट लिहावे.

खरेदी करताना काय पाहावे?

* पक्के बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. बिनबिलाचा ‘ग्रे मार्केट’ माल स्वस्त मिळतो, पण त्याला भारतातील वॉरंटी मिळेलच असे नाही.
* पहिल्याच आठवड्यात एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचे फोटो काढा. दोन-तीनशे फोटोंनंतर पुन्हा काढा. मूळ फाइल जपून ठेवा.
* शटरच्या आयुष्याचा आकडा विचारा. ‘डी६००’साठी तो दीड लाख होता. एका लग्नात तीन हजार फोटो धरले, तर तो पन्नास लग्नांत संपतो.
* सर्व्हिस सेंटरला कॅमेरा देताना जॉबशीटवर नेमकी तक्रार लिहून घ्या. ‘चेक करून द्या’ एवढेच लिहिले असेल, तर दोष आधीपासून होता हे पुढे सिद्ध करणे अवघड जाते.
* दाद मिळत नसेल तर आधी कंपनीला लेखी ईमेल करा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरीही काही झाले नाही, तर जिल्हा आयोगाकडे जा.

‘डी६००’च्या ग्राहकांकडे तारखेसह फोटो होते आणि ते सगळे एकच गोष्ट दाखवत होते. त्यामुळेच वॉरंटी संपलेल्यांनाही अखेर नवे शटर मिळाले. म्हणून कॅमेऱ्याच्या बॅगेत लेन्सइतकीच जागा बिल आणि जॉबशीटलाही द्या.