ऑक्सफर्डचा सौरघट आणि आपली खारी हवा

दरवर्षी मी वर्गात तुरटीचे स्फटिक करून दाखवतो. गरम पाण्यात तुरटी विरघळवायची, दोरा सोडायचा आणि वाट पाहायची. यंदा एका मुलाने विचारले, "गुरुजी, असा स्फटिक वीज देईल का?" मी पटकन नाही म्हणालो. तुरटीपुरते ते खरे. पण घरी येऊन वाचू लागलो, तेव्हा कळले की प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा शहाणा होता.

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राध्यापक हेन्री स्नेथ द्रावणातून घडणाऱ्या अशाच स्फटिकांवर काम करतात. पदार्थाचे नाव पेरोव्हस्काइट. १८३९ साली उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजाचे हे नाव. नव्या पदार्थाची ठेवण त्या खनिजासारखी, घटक मात्र वेगळे. शिसे आणि आयोडिन चौकट उभारतात, तिच्या पोकळीत मेथिलअमोनियमसारखा लहानसा सेंद्रिय कण बसतो. असेंद्रिय आणि सेंद्रिय असे दोघे एका घरात, म्हणून हा संकरित अर्धवाहक.

नेहमीच्या सौर पॅनेलातील सिलिकॉन वितळवायला १४०० अंशांहून अधिक उष्णता लागते. हे द्रावण मात्र तव्यावर घावन पसरावे तसे काचेवर पसरायचे आणि शंभरेक अंशांवर वाळवायचे. थर केसाच्या शंभराव्या भागाहून पातळ!

२००९ साली जपानमध्ये मियासाका यांच्या घटाने उन्हातील जेमतेम ३.८ टक्के शक्तीची वीज केली. २०१२ मध्ये स्नेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०.९ टक्के गाठले. त्यातली गंमत मला फार आवडते. आधाराला असलेल्या टायटॅनियम ऑक्साइडच्या जागी त्यांनी वीज न वाहणारे ॲल्युमिनियम ऑक्साइड घातले. घट बंद पडायला हवा होता, तो अधिक चांगला चालला. म्हणजे वीज वाहून नेण्याचे काम हा स्फटिक स्वतःच करीत होता.

विद्यापीठातून २०१० साली निघालेली ऑक्सफर्ड पीव्ही ही कंपनी हा थर सिलिकॉनवर चढवते. वरचा थर निळा-हिरवा प्रकाश टिपतो, तांबडा खाली सिलिकॉनकडे जाऊ देतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तिने २४.५ टक्क्यांची पहिली पॅनेले अमेरिकेतील ग्राहकाकडे पाठवली.

हाच पदार्थ उलटाही चालतो. वीज द्या, उजेड घ्या. केंब्रिजमध्ये रिचर्ड फ्रेंड यांच्या गटाने १९९० साली प्लास्टिकसारख्या सेंद्रिय पदार्थातून पिवळा-हिरवा प्रकाश काढला होता. २०१४ मध्ये तेथेच पेरोव्हस्काइटचे दिवेही लागले. ते अजून फार टिकत नाहीत.

आता आपल्या मॉरिशसचे पाहू. आपली बरीचशी वीज बाहेरून आणलेले तेल आणि कोळसा जाळून होते, तेव्हा असे घट आपल्याला हवेच आहेत. पण जो पदार्थ द्रावणातून सहज तयार होतो, तो ओलाव्याने तितक्याच सहज मोडतो. म्हणून तो काचांमध्ये कडेकोट बंद करावा लागतो. चक्रीवादळात काच फुटली आणि पाऊस आत शिरला, तर शिसे मातीत उतरू शकते. शिशाऐवजी कथील घालून ऑक्सफर्डमध्येच २०१४ साली घट केले गेले, परंतु कथील हवेत लवकर बिघडते.

पॅनेलांची एक ठरलेली परीक्षा आहे: ८५ अंश उष्णता, ८५ टक्के दमटपणा, १००० तास. हे झाले बेचाळीस दिवस. समुद्राकाठी राहणाऱ्या आपल्या माणसांना ते थोडेच वाटतील. उद्या कोणी विक्रेता ही पॅनेले घेऊन दारात आला, तर टक्केवारी मागाहून विचारा. आधी विचारा, खाऱ्या हवेत ती किती वर्षे ठेवून पाहिली, आणि फुटलेले पॅनेल परत कोण नेणार?

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी "देईल" असे सांगितले. त्याने लगेच विचारले, "आणि पावसात, गुरुजी?"