रिफर्बिश्ड लॅपटॉपचा टंच

बाजारात रिफर्बिश्ड म्हणून मिळणारे बहुतेक लॅपटॉप आधी एखाद्या मोठ्या कंपनीत किंवा बँकेत वापरलेले असतात. पुणे, मुंबई, बेंगळुरू इथल्या कंपन्या शेकड्यांनी लॅपटॉप घेतात किंवा भाडेकराराने आणतात आणि तीन-चार वर्षांनी सगळे एकदम बदलतात. हा माल ठोक भावाने व्यापाऱ्यांकडे जातो. तिथे जुनी माहिती पुसतात, बिघडलेले भाग बदलतात, साफसफाई करून विंडोज नव्याने टाकतात आणि नव्याच्या निम्म्या, कधी त्याहूनही कमी किमतीत लॅपटॉप पुन्हा विकायला ठेवतात. दिल्लीचे नेहरू प्लेस आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड ही या व्यापाराची जुनी ठाणी. कोल्हापूर, इचलकरंजीच्या दुकानांतही हा माल असतो, आणि ऑनलाइन मागवला तर तो हुपरीत घरपोच येतो.

हातकणंगले तालुक्यातले हुपरी चांदीच्या पैंजणांसाठी देशभर ओळखले जाते. टंच, म्हणजे शुद्धतेचे प्रमाण, काढल्याशिवाय चांदीचा भाव ठरत नाही, हे इथल्या लहान मुलालाही सांगावे लागत नाही. चांदीला हॉलमार्कही आहे. तो ऐच्छिक असला तरी १ सप्टेंबर २०२५ पासून त्यासोबत प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळखक्रमांक येतो. रिफर्बिश्ड लॅपटॉपला असा कोणताही शिक्का नाही. ‘ए ग्रेड’, ‘बी ग्रेड’ ही विक्रेत्याने स्वतःच लावलेली प्रतवारी असते आणि ती बहुधा बाहेरच्या ओरखड्यांवरून ठरते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार रिफर्बिशिंग करणाऱ्याने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करायची असते. पण त्या नोंदणीचा मुख्य हेतू कचऱ्याचा हिशेब लागावा हा आहे. त्यावरून समोरचा लॅपटॉप किती दिवस चालेल, हे कळत नाही. ते ग्राहकानेच पाहायचे.

सगळ्यात आधी पाहायचा तो प्रोसेसर. दुकानदार ‘आय ५ आहे’, ‘आय ७ आहे’ एवढेच सांगतो आणि नेमकी इथेच फसगत होते. पूर्ण क्रमांक वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘आय५-८२५०यू’ मध्ये आडव्या रेघेनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी; ‘आय७-६६००यू’ मधला ६ म्हणजे सहावी. नाव आय ७ असले तरी या दुसऱ्या प्रोसेसरमध्ये दोनच कोअर आहेत, तर आठव्या पिढीच्या त्या आय ५ मध्ये चार. इंटेलने ही आठवी पिढी ऑगस्ट २०१७ मध्ये बाजारात आणली आणि पातळ लॅपटॉपमधल्या कोअरची संख्या एका झटक्यात दुप्पट झाली. पुढे मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठीची रेघही जवळपास तिथेच ओढली. मोजके अपवाद वगळता इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर विंडोज ११ साठी अधिकृतपणे चालत नाहीत. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सातव्या पिढीच्या लॅपटॉपवर जुगाड करून विंडोज ११ टाकून देणारे विक्रेते आहेत. पण अशा लॅपटॉपला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्याच्यावर बँकेचे व्यवहार आणि जीएसटीचे विवरणपत्र भरायचे, तो लॅपटॉप असा असू नये.

दुसरी गोष्ट बॅटरी. ‘दोन तास बॅकअप’ या तोंडी शब्दावर विसंबायचे कारण नाही, कारण विंडोज स्वतःच हिशेब देते. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘पॉवरसीएफजी’ आणि त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘बॅटरीरिपोर्ट’ असे इंग्रजीत टाइप केले की एक अहवाल तयार होतो. त्यात दोन आकडे एकाखाली एक असतात: बॅटरी नवी असतानाची क्षमता आणि आज पूर्ण चार्ज केल्यावरची क्षमता. पहिला आकडा ५०,००० आणि दुसरा ३०,००० असेल, तर चाळीस टक्के बॅटरी संपलेली आहे. अशा वेळी नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल किंवा लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगत असेल, तर आतली बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता आहे. अशी बॅटरी पेट घेऊ शकते. तो लॅपटॉप आहे तसा घरी आणूच नये.

रॅम किमान ८ जीबी हवी आणि साठवणूक एसएसडीवरच हवी. ‘आता ४ जीबी घ्या, पुढे वाढवा’ हा सल्ला पूर्वी ठीक होता. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर चढले, आणि काही पातळ मॉडेलमध्ये रॅम मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असल्याने वाढवताही येत नाही. कीबोर्डचे प्रत्येक बटण, बिजागरी, वायफाय, कॅमेरा आणि चार्जरची पिन तर पाहावीच. त्याला पाच मिनिटे पुरतात.

जास्त लक्ष द्यायचे ते कुलपांकडे. कंपनीतून आलेल्या लॅपटॉपवर तिची मालकी कधीकधी नोंदलेलीच राहते. दुकानात सगळे सुरळीत चालते. पण घरी आणून कधी रिसेट केला आणि इंटरनेटला जोडला, की पडद्यावर भलत्याच कंपनीचे नाव येते आणि तिचा ईमेल, पासवर्ड मागितला जातो. मॅकबुकमध्ये आधीच्या मालकाच्या ॲपल खात्याचे कुलूप असेल तर तो नव्या मालकाला वापरताच येत नाही. म्हणून लॅपटॉप समोर रिसेट करून, इंटरनेटला जोडून, अगदी पहिल्या पडद्यापासून सुरू करून दाखवायला सांगावे. बायोसलाही, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगलाही, पासवर्ड नाही ना, ते पाहावे. सेटिंगमध्ये विंडोज ‘ॲक्टिव्हेटेड’ दिसणे पुरेसे नाही. चोरीची प्रतही काही काळ तसेच दाखवते. परवाना कोणता, हे बिलावर लिहून घ्यावे.

बिलाचा मुद्दा सगळ्यात जास्त टाळला जातो. ‘बिल नको, हजार कमी करतो’ असे सांगितले की गिऱ्हाईक खूश होते. पण बिलावर मॉडेल, सिरियल नंबर आणि वॉरंटीची मुदत नसेल, तर ग्राहक आयोगापुढे जायला हातात काहीच उरत नाही. लॅपटॉप चोरीचा निघाला तर पोलिसांपुढे आपण तो रीतसर घेतला, हे दाखवणेही अवघड जाते. लॅपटॉपखालचा सिरियल नंबर आणि बायोसमधला नंबर एकच असायला हवा. तो नंबर डेल, एचपी, लेनोव्हो यांच्या संकेतस्थळावर टाकला, तर मूळ वॉरंटी कधी संपली हे बहुधा कळते, आणि त्यावरून लॅपटॉपचे खरे वयही.

कोल्हापूर किंवा इचलकरंजीच्या दुकानातून घेतलेला लॅपटॉप ऑनलाइनपेक्षा हजार-दोन हजारांनी महाग पडला, तरी हुपरीकरांना तो बहुधा परवडतो. बिघाड झाला तर एसटीने जाऊन दुकानदाराच्या टेबलावर ठेवता येतो. कुरिअरने दिल्लीला पाठवून आठवडे मोजत बसावे लागत नाही. सहा महिन्यांची लेखी वॉरंटी देणारा जवळचा दुकानदार असेल, तर तोच निवडावा.

एमएस-सीआयटी करणारी मुले, कॉलेजचा प्रकल्प, टॅलीतला चांदीचा जमाखर्च, ऑनलाइन अर्ज भरणारे केंद्र, यांना आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा तपासलेला लॅपटॉप तीन वर्षे सहज पुरावा. पैंजणांचे त्रिमितीय डिझाइन करणाऱ्याने किंवा व्हिडिओ संपादन शिकणाऱ्याने मात्र या वाटेला जाऊ नये. ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपमध्ये सहसा वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते आणि काम अडते. नव्या लॅपटॉपशी किमतीचा फरक पाच-सात हजारांवर आला असेल, तर नवाच घ्यावा. आणि विक्रेता बॅटरीचा अहवाल दाखवायला किंवा बिलावर सिरियल नंबर लिहायला तयार नसेल, तर किंमत कितीही कमी असो, तो लॅपटॉप घेऊ नये.