भिंतीशी न थांबणारा वायू

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा शिळफाटा शनिवारी सकाळी पाहावा. गाड्या एकमेकींना इतक्या खेटून असतात की कोणाचा वेग किती, हे शेजारची गाडीच ठरवते. मध्यरात्रीनंतर तोच रस्ता रिकामा होतो. मग एखाद्या ट्रकला दुसरा ट्रक भेटायच्या आत वळणाचा कठडाच आधी भेटतो.

जवळच खोपोलीचे वीजकेंद्र आहे. घाटमाथ्यावरचे पाणी १९१५ पासून नळांतून उतरून तिथली चाके फिरवते. त्या पाण्याचे गणित नाव्हिए आणि स्टोक्स यांच्या समीकरणांनी होते. सोबत एक अट असते: नळाच्या भिंतीला लागलेला थर हलत नाही. ही अट मी वर्षानुवर्षे फळ्यावर निसर्गनियमासारखी लिहीत आलो. ती नियम नाही, सोय आहे, हे फार उशिरा उमगले.

आपल्या आसपासच्या हवेतला रेणू दोन धडकांच्या मध्ये सरासरी ०.०७ मायक्रॉन जातो. केसाएवढ्या नळीत हे अंतर नगण्य. पण वाहिनी एक मायक्रॉन रुंद असेल, तर ते रुंदीच्या सात टक्के होते आणि वायू भिंतीशी घसरू लागतो. अंतर आणि रुंदी यांच्या या गुणोत्तराला नुडसेन अंक म्हणतात. घसरणीची दुरुस्ती मॅक्सवेलने १८७९ मध्येच दिली होती. अंक ०.१ च्या आत असेपर्यंत ती बऱ्यापैकी पुरते.

पुढे मात्र गंमत होते. डेन्मार्कच्या मार्टिन नुडसेनने १९०९ मध्ये दाखवले, की दोन टोकांतला दाबफरक तोच ठेवून वायू विरळ करत गेले, तर प्रवाह आधी घटतो, तळ गाठतो आणि पुन्हा वाढतो! मॅक्सवेलची साधी दुरुस्ती लावून हा तळ सापडत नाही. इथे रेणू एकमेकांपेक्षा भिंतीलाच जास्त भेटतात, म्हणजे शिळफाट्याची मध्यरात्र. आता केवळ कडेची अट बदलून भागत नाही, समीकरणच बदलावे लागते.

तसे समीकरण बर्नेटने १९३५ मध्ये मांडले. पण १९८२ मध्ये बोबिलेव्हने त्याचा दोष दाखवला: अगदी आखूड लांबीची लहर त्यात विरण्याऐवजी फुगत जाते. शिवाय वरच्या श्रेणीची विकलजे आल्याने कडेच्या जास्त अटी लागतात, आणि त्या आणायच्या कुठून?

मुंबईच्या आयआयटीत अमित अग्रवाल, नरेंद्र सिंह आणि रवी सुदाम जाधव यांनी २०१७ मध्ये वेगळी वाट काढली. ऑन्सागरच्या परस्परतेच्या तत्त्वाशी जुळणाऱ्या रेणू-वितरणापासून त्यांनी सुरुवात केली. त्यांच्या वाढीव पदांत वरची विकलजे येत नाहीत, त्यामुळे अटी पूर्वीइतक्याच पुरतात. रेषीय कसोटीवर लहरही फुगत नाही. मला यातली काटकसर फार आवडली.

भिंतीशी वायू किती घसरेल, हे मात्र अजूनही वायू आणि भिंत यांच्या प्रत्येक जोडीसाठी प्रयोगशाळेत मोजावे लागते.