कपडे विरतात, रेखाटन उरते! वेशभूषेचे कागद का जपायचे?

कोल्हापूरचे चित्रकार अण्णासाहेब राजोपाध्ये यांच्या कन्या भानू अथैया यांना १९८३ मध्ये ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले. भारतीयाला मिळालेले ते पहिले ऑस्कर.

रेखाटन कशासाठी?
पात्राचे वय, काळ, हुद्दा, कापड, रंग हे सारे कात्री लावण्याआधी कागदावर ठरते. त्यावरून दिग्दर्शक होकार देतो, शिंपी कापड बेततो. नाटक असो वा सिनेमा, पद्धत हीच.

जपायचे का?
प्रयोग थांबले की कपडे उसवून दुसऱ्या नाटकात वापरले जातात किंवा विरतात. त्यांमागचा विचार कागदावरच उरतो.

अथैया यांनी ऑस्करची बाहुली २०१२ मध्ये सुरक्षिततेसाठी अकादमीकडे परत पाठवली. नाट्यसंस्थांच्या कपाटांतल्या कागदांचे काय? निदान मोबाइलवर स्कॅन तरी करून ठेवता येतील.