सरकत्या नळीमागची लेखणी

1956 साली ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीने अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यासाठी मोठा जॅझ बँड जमवला आणि ट्रॉम्बोनसाठी थेट कॅलिफोर्नियाहून एका बाईला बोलावून घेतलं. बँडमधल्या पुरुषांनी नाकं मुरडली. न्यूयॉर्कात काय ट्रॉम्बोनवाल्यांचा दुष्काळ पडला होता? डिझी वादात पडला नाही. तिने लिहून आणलेलं नोटेशन त्याने सगळ्यांपुढे ठेवलं. चाल संथ, वरकरणी सोपी. पण सुरुवातीलाच सगळे गडबडले. त्यानंतर कुरकुर ऐकू आली नाही.

ती मेल्बा लिस्टन. जन्म 13 जानेवारी 1926, कॅन्सस सिटी. सातव्या वर्षी ट्रॉम्बोन हाती आला. या वाद्याला ट्रम्पेटसारख्या कळा नसतात. सरकती नळी सात जागी थांबवायची, आणि नेमकी जागा कानानेच हेरायची. शेवटच्या दोन जागा गाठायला हात पुरता लांबवावा लागतो. छोट्या मेल्बाचा हात तिथवर पोहोचेना, म्हणून ती मान तिरपी करून वाजवायची.

1937 मध्ये कुटुंब लॉस एंजेलिसला आलं. अल्मा हायटॉवर या शिक्षिकेकडे तिची तयारी झाली आणि विशीच्या आतच ती जेराल्ड विल्सनच्या बँडमध्ये दाखल झाली. 1947 मध्ये सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डनसोबत तिने ध्वनिमुद्रण केलं. तिचा ओढा मात्र लेखनाकडे. कोणता सूर कोणत्या वाद्याने उचलायचा, कुठे चौघांनी मिळून बोलायचं, कुठे गप्प राहायचं, हे ठरवतो तो अरेंजर. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसूझा उभे होते, तशी ती कितीतरी नामवंतांमागे उभी राहिली. श्रोत्यांच्या ओठी नाव यायचं ते पुढच्या माणसाचं.

वाट सरळ नव्हती. 1949 मध्ये गायिका बिली हॉलिडेसोबतचा अमेरिकेच्या दक्षिणेकडचा दौरा फसला, वादक परमुलखात अडकले. हताश होऊन मेल्बाने वाद्य ठेवलं, लॉस एंजेलिसच्या शिक्षण मंडळात कारकुनी पत्करली. ‘द टेन कमांडमेंट्स’ या चित्रपटात छोटं कामही केलं. तिथून डिझीने तिला परत ओढलं. अबादान, ढाका, कराची, बैरूत, अथेन्स असा तो दौरा. वाटेत सहकाऱ्यांची बटणं शिवायची, केस कापायचे, हीही कामं तिच्याच गळ्यात पडली.

1958 मध्ये तिने ट्रॉम्बोनवादकांचा ताफा घेऊन ‘मेल्बा लिस्टन अँड हर बोन्स’ हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. तिच्या नेतृत्वाखालचा अल्बम तेवढा एकच. खरी भागीदारी जमली पियानोवादक रँडी वेस्टनशी. चाली त्याच्या, त्यांना वाद्यवृंदाचा देह देणारी ती. आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले त्या 1960 साली दोघांनी ‘उहुरू आफ्रिका’ हा अल्बम केला. त्यात कवी लँग्स्टन ह्यूजचे शब्द होते, अमेरिकी जॅझवाल्यांच्या सोबतीला आफ्रिकी आणि क्यूबन तालवादक होते. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने पुढे या अल्बमवर बंदी घातली.

सत्तरच्या दशकात ती जमैकात शिकवत होती. 1985 मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि ट्रॉम्बोन कायमचा सुटला. मग ती संगणकावर स्वरलेखन करू लागली. नव्वदच्या दशकात वेस्टनसाठी पुन्हा अल्बम सजवले. 23 एप्रिल 1999 रोजी ती गेली. जॅझचा इतिहास सोलो मोजत लिहिला गेला, म्हणून तिच्या वाट्याला त्यात चार ओळी आल्या. तिची स्वरलिखितं आता शिकागोच्या कोलंबिया कॉलेजच्या संग्रहात आहेत. दुसऱ्यांच्या नावावर गाजलेल्या संगीतात तिचा वाटा किती, याचा हिशेब त्या कागदांवरूनच मांडावा लागेल.