क्षयाच्या जंतूला बिघाड कळतो कसा?

"ताप गेला, वजन वाढलं, आता गोळ्या कशाला?" खंडाळा तालुक्यातल्या वस्त्यांवर क्षयाच्या पेशंटच्या घरी गेलो की हा प्रश्न आम्हाला हमखास ऐकू येतो. रागावून उपयोग नसतो. जंतूच्या आत काय चालते ते सांगितले की पटते.

जंतूची जवळजवळ सगळी कामे प्रथिने करतात. प्रथिन आधी लांब धाग्यासारखे तयार होते, मग त्याची ठरावीक घडी बसते. घडी चुकली की ते निकामी. उष्णतेनेही घडी मोडते. अंड्याचा पांढरा भाग उकडल्यावर घट्ट होतो तो त्यामुळेच. अशी बिघडलेली प्रथिने एकमेकांना चिकटून गोळे झाले, तर जंतूचा जीव धोक्यात येतो. म्हणून त्याच्याकडे घडी बसवणारी मदतनीस प्रथिने असतात, आणि दुरुस्त न होणारा माल कापून टाकणारीही.

पण बिघाड झाल्याचे त्याला कळते कसे? आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जंतूत हे बारकाईने तपासले गेले आहे. दवाखान्यातला वॉर्ड डोळ्यांपुढे आणा. जादा माणसे मागवणारी चिठ्ठी सतत लिहिली जाते, पण काम कमी असले की रिकामी बसलेली आयाबाई ती पकडते आणि फाडायला देते. पेशंटची गर्दी झाली की सगळ्या आया कामाला लागतात, चिठ्ठी अडवायला कोणी उरत नाही, ती वर पोचते. सिग्मा-३२ हे प्रथिन म्हणजे ती चिठ्ठी, आणि डीएनएके हे मदतनीस प्रथिन म्हणजे आयाबाई. एरवी सिग्मा-३२ मिनिटभरात नष्ट होते. बिघाड वाढला की ते टिकते आणि नवे मदतनीस बनवणारी जनुके चालू करते. गर्दी ओसरली की चिठ्ठी पुन्हा फाटते.

क्षयाच्या जंतूत चिठ्ठीऐवजी कुलूप आहे. एचएसपीआर नावाचे प्रथिन डीएनएकेच्या साथीने ही जनुके बंद ठेवते. डीएनएके कामात अडकले की कुलूप सैल होते. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळून त्याच्यावर जहाल रसायने सोडतात, त्यातून तगायला त्याला हीच सोय उपयोगी पडते.

औषधे नव्हती तेव्हा मिरजेजवळ वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार यांवरच भिस्त होती. १९४३ साली अमेरिकेत अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन शोधले. १९५२चे नोबेल मात्र एकट्या वॅक्समन यांना मिळाले. (राबणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, हे आपल्या वाचकांना नवे नाही.) पुढे आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्येही ते तयार होऊ लागले. हे औषध जंतूच्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेला चुका करायला लावते, म्हणजे चुकीच्या घड्यांचा ढीगच पडतो.

तरी एकट्या स्ट्रेप्टोमायसिनने भागले नाही. त्या यंत्रणेतच बदल झालेले थोडे जंतू आधीपासून असतात, औषध त्यांना चिकटतच नाही. बाकीचे मेले की तेच वाढतात. ताणात काही काळ तग धरणे वेगळे आणि औषधाला कायमचे न जुमानणे वेगळे, पण अर्धवट उपचारात दोन्ही प्रकारचे जंतू मागे राहतात. म्हणूनच आज वेगवेगळ्या तऱ्हेने मारा करणारी औषधे एकत्र देतात आणि साधा क्षय असला तरी किमान सहा महिने देतात. खोकला थांबतो तेव्हा बहुतेक जंतू मेलेले असतात, सगळे नव्हे.

एखादा डोस चुकला तर लपवू नका. आपल्या मनाने दुप्पट गोळ्याही घेऊ नका, त्याच दिवशी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात सांगा. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये झाले आहेत. बँक खाते जोडले आहे का, तेवढे विचारून घ्या.