फड तोच, माणसं नवी

चैत्र लागला की लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत गावोगावच्या यात्रांच्या पत्रिका फिरू लागतात. क्रम बहुधा ठरलेला असतो: पहाटे देवाला अभिषेक, संध्याकाळी पालखी नि छबिना, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी कलावंतांच्या हजेऱ्या आणि मग कुस्त्यांचा आखाडा. लोकांची नजर थांबते ती तमाशाच्या ओळीवर. यंदा फड कुणाचा? ‘नारायणगावकर’ हे नाव दिसलं की जुनी मंडळी हमखास विचारतात, ‘‘विठाबाईंचाच ना? पण आता त्यात कोण आहे?’’

प्रश्न रास्त आहे. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर यांच्या आजोबांनी, नारायण खुडे यांनी हा फड उभा केला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हे नाव घरोघरी पोचवलं. जातीचा उल्लेख न लपवता मिळवलेली ही कीर्ती होती. १९३५ साली जन्मलेल्या विठाबाईंनी तिला कळस चढवला. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला निघाल्या, ही हकिकत आजही यात्रेत सांगितली जाते. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. अखेरचे दिवस हलाखीत गेले.

फड मात्र थांबला नाही. विठाबाईंच्या नावाने घरच्यांनी तो चालवला, तर कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड काढून मुलगा नितीनकुमार याच्यासह गावं गाजवली. मग विठाबाईंचा खरा वारसा कुणाकडे? यावर पारावर रात्र सरते, पण वाद मिटत नाही.

असाच वाद अमेरिकेच्या दक्षिणेतही रंगतो. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा ‘लिनर्ड स्किनर्ड’ हा रॉक बँड. २० ऑक्टोबर १९७७ रोजी विमान कोसळलं आणि गायक रॉनी व्हॅन झँट यांच्यासह बँडमधले तिघे गेले. दहा वर्षांनी रॉनींचा धाकटा भाऊ जॉनी माइकसमोर उभा राहिला. मूळ संस्थापकांपैकी शेवटचे गॅरी रॉसिंग्टन २०२३ साली वारले, तरी बँड गातोच आहे. काही रसिक म्हणतात, आता उरलंय ते फक्त नाव. काहींना वाटतं, गाणी जिवंत आहेत तोवर बँडही जिवंत आहे.

मला दुसरी बाजू पटते, पण एका अटीवर. नाव वारशाने मिळतं. मान रोज रात्री बोर्डावर कमवावा लागतो, आणि तो कमवायला प्रेक्षकाने वेळ द्यायला हवा. जुन्या तमाशाची बांधणी पाहा. आधी गण, मग कृष्ण, पेंद्या आणि मावशीची गवळण, मग बतावणी, आणि शेवटी रात्र सरेपर्यंत चालणारा वग. सोंगाड्याचा हजरजबाबीपणा आणि नायिकेचा अभिनय खरा कसाला लागतो तो वगात. आज ढोलकीच्या जोडीला कीबोर्ड आला, रोषणाई आली, त्याने काही बिघडलं नाही. फडाचं नुकसान झालं ते वगाची रात्र गेल्यामुळे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी, सवलत मिळाली तर बारापर्यंत. त्यात पुढे बसलेल्यांची सिनेमाच्या गाण्यांची फर्माईश. गाण्यांतच वेळ संपतो आणि शेवटी येणारा वग कापला जातो. मग ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ म्हणत आपण धोतर झटकून उठतो. पूर्वीसारखं करायला आपण त्या कलावंतांना सवड दिली होती का?

दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि यात्रा कमिट्या तिथे सुपारी द्यायला जातात. तिथे पैशांची घासाघीस होते, नर्तकी किती आहेत याची चौकशी होते. कमिट्यांनी एवढंच करावं: यंदा वग कोणता, हे विचारावं, तो पूर्ण करण्याची बोली घालावी, आणि त्यासाठी कार्यक्रम संध्याकाळी लवकर सुरू करावा. विठाबाईंवर प्रेम असलेल्या गावाने त्यांच्या नातवंडांना द्यावा असा सन्मान हाच.